जानरावांची शांतता

जानरावांची अख्खी नोकरी लोखंडाच्या मिलमधल्या धडधडाटात गेली. "एक डाव रिटायर होऊ दे, मंग जंगलात बसून नुसती शांतता आयकीन," असं ते कामगारवस्तीतल्या, कॅम्प-१च्या घरात येता-जाता म्हणायचे.

रिटायर झाल्यावर मुलगा अमरदीप त्यांना घेऊन निघाला. सिरपूरचे जुने बौद्ध विहार पाहून झाले आणि संध्याकाळी त्यांची जिप्सी बारनवापारा अभयारण्याच्या बांबूंमध्ये शिरली. खूप आत गेल्यावर ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. पानही हलत नव्हतं.

जानराव डोळे मिटून कितीतरी वेळ कान देऊन बसले.

"बाबा, कसं वाटून राहिलं?" अमरदीपनं त्यांच्या कानाशी तोंड नेत विचारलं.

 

"सांगतो ना बाप्पा. पहिले त्याले इंजिन तं बंद कराले सांग!"