निशाणी बांगडी

"पन्नास," गुरुदत्त कारकून म्हणाला.

"नव्वद," गोदूबाई म्हणाली.

नौपाड्यातल्या श्रीपादपंतांच्या पेढीत सकाळपासून हेच चाललं होतं. गुरुदत्तापुढे पेढीची खातेवही उघडी होती, गोदूबाईच्या मांडीवर तिचं स्वतःचं ठेवीचं पुस्तक. एक म्हणत होती पन्नास, दुसरं म्हणत होतं नव्वद. गोदूबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून गुरुदत्ताचा आवाज अंमळ चढा होता.

गोदूबाई चेंदणीची कोळीण. चैत्रात नवरा तापाने गेला, मागे होडी ठेवून गेला. नारळी पुनवेला मुलगा, उत्तम, ती पाण्यात घालणार होता. पण शीड पार फाटलेलं, आणि पन्नासात नवं होत नव्हतं. शीड नाही तर होडी किनाऱ्यावर, आणि उत्तम दुसऱ्याच्या होडीवर गडी.

आवाज ऐकून पंत आतून आले. "काय झालं, गोदूबाई?"

"पंत, माजं चालीस रुपय कोन घेऊन गेला, ता सांगा."

गुरुदत्ताने पावती पुढे केली. खाली एक वाटोळं काढलेलं, शेजारी लिहिलेलं, 'निशाणी बांगडी'. सही न येणारा कुणबी नांगर काढायचा, बाई बांगडी काढायची. पेढीला तेवढं पुरे होतं. गोदूबाईनेही नवऱ्यादेखत या पेढीत बांगडीच काढून दिली होती.

"ह्या स्वतःच आल्या होत्या," गुरुदत्त म्हणाला. "घरात माणूस तापाने फणफणलंय, औषधाला हवेत म्हणाल्या. मला दया आली."

पंतांनी तारीख पाहिली, गोदूबाईला वाचून दाखवली.

"त्या दिसाला ह्यांचं दहावं व्हतं," गोदूबाई म्हणाली. "औषध कोनाला देनार?"

पंत कारकुनाकडे वळले. "पुस्तक पाहिलंत?"

"गडबडीत घरी राहिलं म्हणाल्या."

"आणि तोंड?"

गुरुदत्त चारच महिन्यांपूर्वी वाईहून आलेला. तो कानापर्यंत लाल झाला. "परस्त्रीच्या तोंडाकडे कसं पाहणार, पंत? मी मान खाली घातली होती. हात तेवढे दिसले. दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरलेले. चांगल्या घरच्या बाईचे असावेत तसे."

उंबऱ्याशी टेकून बसलेली म्हातारी हसायला लागली. ती हौसाबाई, गोदूबाईची सासू. सुनेला एकटीला पेढीत कशी पाठवायची म्हणून आली होती, आणि आल्यापासून डुलक्या घेत होती.

"दोनी हात? आरं बामना, कोलनीचा उजवा हात कदी बगलास काय? लगनातच उजव्या हाताच्या बांगड्या दर्याला देतंव आमी. आमचा मानूस त्याच्या पाठीवर जातं नं रोज. डाव्या हाताच्या तेवढ्या आमच्या."

गुरुदत्ताने पावती उलटी करून ठेवली, जणू ती उघडी राहणंही बरं नव्हतं.

"म्हणजे पैसे दुसरीच कोणी घेऊन गेली. चूक पेढीची," पंत म्हणाले. "पैसे पेढी भरून देईल. पण कल्याणच्या भागीदारांना कागद पाठवावा लागेल. पुनवेच्या आत होईल, मी स्वतः जाईन."

त्यांनी स्वतःच बसून लिहिलं, मोठ्याने वाचलं आणि कागद गोदूबाईपुढे सरकवला. बोरू दौतीत बुडवून तिच्या हाती दिला.

"इथं निशाणी करा. बांगडी."

गोदूबाईने बोरू धरला, तशीच बसून राहिली. दोन्ही मनगटं मोकळी होती. डाव्यावर बांगड्यांचा फिकट पट्टा अजून होता. तेवढी कातडी उन्हाने काळी करायची राहिली होती.

"पंत, दुसरं कायतरी काढू? मासली काढतंय. होडी काढतंय."

पंतांना उशिरा उमगलं. ते घसा खाकरून म्हणाले, "खात्यावर बांगडीच आहे हो. दुसरं काही काढलंत तर भागीदार म्हणतील, ही बाई ती नव्हे. आजच्या दिवस..."

"रांडमुंड बाय मी, पंत. कशी काढू?"

बोरूच्या टोकाला शाईचा थेंब जमला. कागदावर पडायच्या आत गोदूबाईने तो दौतीच्या काठाला निपटला. कागद खराब होऊ द्यायचा नव्हता. त्यात शीड होतं.

हौसाबाई गुडघ्यांवर हात ठेवून उठली, सुनेच्या शेजारी येऊन बसली. तिचेही दोन्ही हात मोकळेच होते, उत्तमच्या आज्याला पोचवलं तेव्हापासून.

"आये, तूच सांग," गोदूबाई म्हणाली.

म्हातारीने सुनेचं डावं मनगट आपल्या हातात घेतलं. त्या फिकट पट्ट्यावरून अंगठा फिरवला.

"एका हाताच्या दर्याला दिल्या," ती म्हणाली. "दुसऱ्या हाताच्या माज्या लेकाला धाडताना फुटल्या. ही कागदावरची कोनी फोरली नाय गो. काढ."

गोदूबाईने बोरू टेकवला. हळूहळू वाटोळं फिरवत आणलं, आणि टोकाला टोक मिळेपर्यंत श्वास सोडला नाही.

शाई ओली होती. पंतांनी वाळूची डबी पुढे केली, पण हौसाबाईने ती बाजूला सारली. ती वाकली आणि बांगडीवर हळूच फुंकर घालत राहिली.