उशीचा अभ्रा

थायलंडमधल्या लाम्पांगच्या बसस्टँडवर ख्वान धावत जाऊन आईच्या गळ्यात पडली, तशी आई लाकडासारखी ताठ झाली. "लोक बघतायत." अमेरिकेत वर्षभर ख्वान ज्यांच्या घरी राहून शिकली, त्या बाई ती शाळेला निघाली की रोज मिठी मारायच्या. इथं सख्ख्या आईला साधी मिठी जड? घरापर्यंत ख्वान आईच्या दोन पावलं पुढंच चालली. तिची खोली झाडूनपुसून लख्ख होती, उशीचा अभ्रा मात्र कळकट. "आई, वर्षभरात हा एकदाही धुतला नाहीस?" दारातून बाबा हसले. "मला तरी कुठं धुऊ देते? रोज संध्याकाळी त्याला नाक लावून तुझा वास घेत बसते." आई लाजत जवळ आली. लहानपणी पापा म्हणून घ्यायची तसा, लेकीच्या गालाला नाक टेकवून तिनं खोल श्वास घेतला. "परक्या साबणाचा वास येतोय," म्हणाली, आणि अभ्रा काढून धुवायला घेऊन गेली.