मंगळवारचं दुखणं

“आज तर कहरच झाला,” दार उघडता उघडता काकू म्हणाल्या. “सुरू केलं, आंघोळ करून आले, तरी आपलं गोल गोल फिरतंय.”

तो बूट काढून आत आला आणि थेट कोपऱ्यातल्या टेबलाशी गेला. दर दुसऱ्या मंगळवारी तो या घरी येत असे. कामाची पावती करणं त्याने केव्हाच सोडून दिलं होतं.

टेबलावरचा कॉम्प्युटर बारा वर्षांचा, कुठल्याशा कचेरीने मोडीत काढलेला. त्यानेच त्यात लिनक्स घातलं होतं, म्हाताऱ्या मशीनला झेपेल असं हलकं. काका त्यावर प्रुफं तपासत. चाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात हेच काम केलं होतं, आणि निवृत्तीनंतरही एक प्रकाशक जुन्या ओळखीवर पुस्तकं पाठवत होता.

“या, इंजिनियरसाहेब,” काका म्हणाले. “तीनशे चौतीस पानं आहेत आणि पान उलटायला मिनिट लागतंय. तोवर मागची ओळ विसरायला होते.”

“बघतो.”

त्याने मशीनचं झाकण काढलं. ब्रशने पंख्यावरची धूळ झाडली, मेमरीची पट्टी काढून पुसून परत बसवली. मग मशीन सुरू करून वाट पाहत बसला. त्याच्या पाठीमागे काकूंचा चष्मा हरवला होता आणि तो काकांनीच कुठेतरी ठेवला, असं त्यांचं ठाम म्हणणं होतं.

“मी कशाला घेऊ तुझा चष्मा?”

“मग त्याला काय पाय फुटले?”

चष्मा फ्रिजवर सापडला. कुणीच हार मानली नाही.

तो ऐकत होता. त्याची बायको जाऊन चौदा महिने झाले होते. त्याला रडू आलं नव्हतं, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. घरी टीव्ही आवाज बंद करून चालू असायचा. जेवण ओट्याशी उभ्यानेच उरकायचा. कसा आहेस, असं कुणी विचारलं की तो ‘ठीक’ म्हणायचा, आणि ते खोटंही नव्हतं. दाढेत इंजेक्शन दिल्यावर आपलाच गाल चाचपून पाहावा आणि तो दुसऱ्याचा वाटावा, तसं सगळं चाललं होतं.

पडद्यावर काळी खिडकी उघडली. कुठला प्रोग्राम किती मेमरी खातोय, किती वेळ प्रोसेसर अडवतोय, त्याची यादी त्यात भराभर वर सरकू लागली. त्याने ब्राउझरची उगाच उघडी राहिलेली पानं बंद केली. जुन्या नोंदींचा ढीग साफ केला.

“मेमरी भरली की ते डिस्कवर जागा शोधत धावतं,” तो म्हणाला. “आणि डिस्क पडली म्हातारी.”

“आमच्यासारखीच,” काकू म्हणाल्या.

थोड्या वेळाने त्याने एका ओळीवर बोट ठेवलं.

“सापडलं. ही छोटी फाईल. मशीन सुरू झालं की हीसुद्धा सुरू होते आणि नुसते आकडे भागत बसते. काम काडीचं नाही, पण मशीनला उसंत देत नाही.”

“आली कुठून?” काकांनी मांडीवरच्या कागदांतून मान वर न करता विचारलं.

“अपडेटबरोबर येतात अशा गोष्टी.”

“दर अपडेटबरोबर?”

“बहुतेक.”

“हं.” काकांनी समासात लाल खूण केली आणि पान उलटलं.

“मुलगी म्हणते, नवंच घेऊन येते,” काकू चहाचे कप ठेवत म्हणाल्या. “ते खटारं भंगारात द्या म्हणते. कंपनीत हेच काम करते ना ती.”

त्याची बोटं थांबली.

“मग? काय ठरलं?”

“ठरतंय कुठलं! हे ऐकतील तर शपथ.”

“चालतंय की,” काका म्हणाले. “बिघडतं, दुरुस्त होतं. अजून काय हवं?”

त्याने फाईल पुसली, मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. पाऊण मिनिटात पडदा उजळला. काकांनी एक पान उलटलं, दुसरं उलटलं. काकू शेजारच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ‘वा’ म्हणाल्या. त्याने चहाचा घोट घेतला आणि त्याची जीभ पोळली. पोळली हे त्याला कळलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच काहीतरी कळलं होतं.

मग तो तासभर बसला. काकूंनी बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन पहिल्यापासून सांगितलं. काकांनी एका पुस्तकात चौथ्या प्रकरणात मेलेला माणूस नवव्यात कसा जेवायला आला, ते सांगितलं. तो मान हलवत राहिला. एकदा हसलाही.

निघण्याआधी तो पुन्हा टेबलाशी गेला.

“परत असं होऊ नये म्हणून जरा बंदोबस्त करून ठेवतो,” म्हणाला, आणि दोन मिनिटं काहीतरी टाइप केलं.

नेहमी दारातून निरोप देणारे काका आज काठी घेऊन त्याच्याबरोबर जिना उतरले. एकेक पायरी, कठडा धरून. खाली आल्यावर ते दम खात उभे राहिले. मग वर खिडकीकडे एकदा पाहून त्यांनी आवाज खाली आणला.

“शुक्रवारी मुलगी येतेय. तिला यातलं सगळं कळतं. तेव्हा तुम्ही आज टाकलेली फाईल तेवढे दिवस मी काढून ठेवतो, आणि ती गेली की परत बसवतो. फाईलच्या नावातलं स्पेलिंग सुधारून.”