अक्षरागणिक तीन नमस्कार

"अहो, एक शब्द बोललात तर काय सोनं सांडेल?"

यशवंत बोललाच नाही. खिडकीपाशी पाठमोरा बसलेला. पुढ्यात तो निळा कागद, इतका निळा की काळाच वाटावा, आणि त्यावर सोन्याची बारीक बारीक अक्षरं. शुभानं कप मुद्दाम आपटला. तरी ढिम्म!

हे खूळ आलं खालच्या मजल्यावरच्या पाक सरांकडून. मूळचे कोरियाचे, हॅम्बर्गच्या युनिव्हर्सिटीत शिकवायचे. डिसेंबरात एकदा दोघांना चहाला बोलावून त्यांनी सांगितलं होतं, आमच्याकडे सातशे वर्षांपूर्वी बुद्धाची सूत्रं अशी सोन्यानं उतरवून काढत. एक अक्षर लिहायचं, उठून तीन नमस्कार घालायचे, मगच पुढचं. बोलायचं नाही. श्वाससुद्धा कागदाला लागता कामा नये. शेवटी गेलेल्या माणसाचं नाव लिहायचं, की सगळं पुण्य त्याला पोचतं.

नेमकी तेव्हाच यशवंतची आई साताऱ्यात वारली. पीएचडी सोडून जाता आलं नाही, ते त्याच्या मनाला फार लागलं. मग फेब्रुवारीत एल्बे नदीला तो भयंकर पूर आला. नदीकाठच्या विल्हेल्म्सबुर्गला मित्राकडे गेलेला यशवंत पहाटे नखशिखांत भिजून परत आला आणि तसाच टेबलापाशी बसला. तो बसलाच!

आईसाठी करतोय, करू दे, असं शुभा म्हणायची. सूत्र संपलं की बोलेल. त्या एका आशेवर ती दिवस ढकलत होती.

आणि त्याचं ते श्वास धरणं! ती नुसती खिडकीशी गेली तरी काच धुरकट व्हायची. हा काचेला नाक लावून बसायचा, आणि काच लख्ख.

शुभाचीही काही कमी दमछाक नव्हती. ब्रश धुऊन धुऊन नखांत सोनं बसलेलं. चार मजले चढून गुडघे सुजलेले. खुंटीवरचा त्याचा कोट तर अजून ओलाच. मेल्या या हवेत काही वाळेल तर शपथ!

रविवारी मैत्रीण सुरेखा डबा घेऊन आली.

"अगं, एवढासा मसालेभात? ह्यांना काय चिमणीचा घास वाढू?"

सुरेखा टेबलाकडे बघेचना. "शुभा, चार दिवस आमच्याकडे चल."

"आणि ह्यांचं कोण बघणार?"

"बरं... ते बघू नंतर," म्हणत सुरेखा चपला घालून निघालीसुद्धा. बाई तरी विचित्रच!

दुपारी पाक सर वर आले. कागदावर वाकले, खूप वेळ बघत राहिले. मग डोक्यावरची टोपी काढली.

"संपलं की!"

"हो ना!" शुभाला हसू आवरेना. "आता बोलतील ना हे?"

पाक सरांनी ब्रश सोन्यात बुडवला आणि हळूच तिच्या हातात ठेवला.

"फ्राऊ शुभा, तुमचं शेवटचं अक्षर पहिल्यापेक्षा कितीतरी सुंदर आलंय. आता खाली यशवंतचं नाव लिहा. म्हणजे त्याला जाता येईल."