पलंगाखालचा डबा

दुधाची पावडर बनवणाऱ्या एका कारखान्यात लहान पोरं राबतात हे वाचून तिनंच दारोदार फिरून त्या मालावर बहिष्कार घडवून आणला होता. आता तिच्याच आजारी बाळाला दुसरं काहीच पचेना आणि डॉक्टरांनी नेमकी तीच पावडर लिहून दिली. रडून रडून मलूल झालेलं बाळ छातीशी धरून ती दुकानात धावली. “ताई, तुम्हीच तर डबे परत पाठवायला लावलेत. आता कुठून आणू?” दुकानदार म्हणाला. मागून शेजारीण पुटपुटली, “माझ्याकडे आहे एक. तुमच्या धाकानं पलंगाखाली ठेवलाय, चोरीचा माल असावा तसा. चला.” बाटली संपवून बाळ पहिल्यांदाच न ओकता झोपलं. तेवढ्यात मोबाइलवर बातमी आली: बहिष्काराला यश, कारखाना बंद होणार, पोरं सुटणार. बाळाच्या पोटावर हात ठेवून तिनं विनवलं, “देवा, एवढं वर्ष तरी कारखाना चालू दे.”