दारापुढचा तुकडा

"खडी बसव गं सये, नको राहू देऊ उणी,
ह्या वाटंनं जाईल बाई, माय कुणाची अनवाणी."

रस्त्याच्या कामावर आई गायची, ते भैरूच्या कानात अजून होतं.

दारापुढच्या खड्ड्यात पडून कुसुमताईंच्या हाती काठी आली, तेव्हापासून ठेकेदाराचा हा मुकादम रस्त्याचा तेवढा तुकडा स्वतःच्या हातानं राखत आला होता. आज ठेक्यातली देखभालीची तीन वर्षं संपली. काठी टेकत त्या चहाचा कप घेऊन आल्या.

"सुटलात हो मुकादम! पेठेत रस्त्याला एवढं जपणारा माणूस मी तरी पाहिला नाही."

भैरूनं कप घेतला नाही.

"ताई, तुम्ही पडलात त्याच्या आदल्या दिवशीच ह्या खड्ड्याची तुमची तक्रार आली होती. मी दुसऱ्याच गल्लीतल्या बुजवलेल्या खड्ड्याचा फोटो काम झालं म्हणून पालिकेला पाठवला अन् ती मिटवून टाकली."