अंगवळणी

तिसऱ्या वळणावर गाडी याही वेळी वळली नाही. ती सरळ गेली. पुढची दोन्ही चाके मुरमात उतरली, तेव्हा काकासाहेबाने ब्रेक दाबला पण नियमाप्रमाणे दोन्ही हात मांडीवरच ठेवले. मागे संगणकाच्या पडद्याशी बसलेल्या यशोधरेने डोळे मिटून घेतले. महिन्याभरातील हा सतरावा प्रयत्न होता.

काकासाहेब नवा चालक होता, आणि काहीही न करणे हेच त्याचे काम होते. टपावरच्या कॅमेऱ्याने रस्ता पाहावा, यशोधरेच्या प्रोग्रामने रस्त्याची कड ओळखावी, मोटरने स्टेअरिंग फिरवावे. माणसाने केवळ संकट आले तर ब्रेक दाबावा. आधीचे चालक कमरुद्दीनचाचा निवृत्त होईपर्यंत हेच वळण गाडीने दोनशे वेळा बिनचूक घेतले होते. त्या दोनशे फेऱ्यांवर यशोधरेचा प्रबंध उभा होता, नाव उभे होते, नऊ वर्षांचे आयुष्य उभे होते. गुरुवारी दिल्लीची समिती यायची होती. १९९७ साली, नगरसारख्या गावी, विनाचालक गाडीचे संशोधन चालू का ठेवावे, असा समितीचा प्रश्न होता. ते वळण हेच यशोधरेचे उत्तर होते.

तिने कॅमेरा बदलला, रस्त्याची पांढरी कड नव्याने रंगवून घेतली, प्रोग्राम ओळ अन् ओळ तपासला. दोष सापडेना.

“म्याडम, हिला चाचांचा लळा लागलाय,” काकासाहेब म्हणाला. “सासरी आलेल्या पोरीवानी रुसून बसती. त्यांनाच आना एकदा.”

तो थट्टेने बोलला. यशोधरा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने चाचांच्या गावी, मिरजगावला गेली.

चाचा अंगणात बाजेवर पाय खाली सोडून बसले होते. गुरुवारी गाडीत बसाल का, एवढे तिने विचारले मात्र, त्यांनी शहजादीचाचींना ट्रंकेतला खाकी गणवेश काढायला पिटाळले.

“गावातली मान्सं इस्वास ठिवत न्हाईत, म्याडम. मी चावडीवर शपथ घिऊन सांगतो, सात वर्सं त्या गाडीत बसलो, पन स्टेअरिंगला बोट लावलं न्हाई. तुमचं लेकरू लई शानं हाय.”

“तिसरं वळण ती कशी घ्यायची, चाचा? जरा आठवून सांगा.”

चाचांनी चंची उघडली. गाडीतही त्यांची हीच रीत होती. रिकाम्या हातांचे करायचे काय, म्हणून ते तंबाखू मळत बसत. आणि चालक असावा तर असा निवांत, असे सारे संशोधन केंद्र कौतुकाने म्हणे. डोळे मिटून ते तळहातावर अंगठा फिरवू लागले.

“आदी ती चिंच येती. मग उतार. मग वळन दिसाया लागतं…”

आणि त्यांचा डावा गुडघा अलगद वर उचलला गेला, हवेतच उजवीकडे झुकला, क्षणभर थांबला आणि खाली आला.

गणवेश घेऊन आलेल्या शहजादीचाची दारातच हसू लागल्या. “बघा, बघा! हितं कुठं आलं स्टेअरिंग? बावीस वर्सं ट्रक हाकला. हात तंबाखूत गुतले की स्टेअरिंग गुडघ्यावर! रिटायर झाले, पन गुडघ्याची ड्युटी काय सुटंना.”

“कायबी बोलती,” चाचा म्हणाले. त्यांना खरोखरच ठाऊक नव्हते.

यशोधरा त्या गुडघ्याकडे पाहत राहिली. सात वर्षे ती त्यांच्या मागे दोन हातांच्या अंतरावर बसली होती. पण तिचे डोळे पडद्यावर असत. प्रत्येक फेरीच्या अहवालात तिने स्वतःच्या हाताने लिहिले होते : मानवी हस्तक्षेप शून्य. शब्दाला धरून बसायचे म्हटले, तर त्यात एक अक्षरही खोटे नव्हते; हात कुणीच लावला नव्हता.

गुरुवारी चाचांना पुढे बसवले, की गाडी वळणार होती. समिती टाळ्या वाजवणार होती. चाचा पुन्हा शपथ घेणार होते, आणि तीही त्यांच्यापुरती खरीच असणार होती. खोटे बोलावे लागणार होते ते एकट्या यशोधरेला.

चाचांनी गणवेश मांडीवर घेतला आणि बाहीने बटणे पुसली. “किती वाजता हजर राहू, म्याडम?”

“येऊ नका, चाचा.” ती म्हणाली. “गाडी वळत नाही, असं मी समितीला कळवणार आहे.”

चाचा गणवेश बाजूला ठेवून उठले. सात वर्षांत प्रथमच त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“असं नको करू, बेटा. चांगली वळत हुती गं. मी गेलो, अन् कुनाची तरी नजर लागली तिला.”

“नाही, चाचा,” यशोधरा म्हणाली. “तिला नजर नव्हतीच कधी.”